हौस म्हणून जपानी शिकायचंय? मराठी माणसाने कुठून आणि कसं सुरू करावं

परदेशी भाषांपैकी कोणती सोपी आणि कोणती अवघड हे शोधायला बसलात की एक तक्ता हमखास समोर येतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या अधिकाऱ्यांना परदेशी भाषा शिकवते. कामापुरती भाषा येण्यासाठी वर्गात किती तास लागतात, याचा तिचा अनुभव या तक्त्यात आहे. फ्रेंच-स्पॅनिशला साधारण सहा-सातशे तास, हिंदीला ११०० आणि जपानीला २२००. जपानी सगळ्यात शेवटच्या गटात. तो आकडा वाचून बरेच जण तिथेच विचार सोडून देतात.

त्याच तक्त्यातली हिंदीची ओळ मात्र पुन्हा एकदा वाचा. या हिशेबाने हिंदी फ्रेंचपेक्षा कितीतरी अवघड ठरते! आपल्याला तर शाळेत हिंदीचा तास सुरू व्हायच्या आधीच टीव्हीवरची हिंदी कळत होती. तक्ता बरोबरच आहे, पण तो जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी केलेला आहे. इंटरनेटवर जपानी शिकण्याच्या ज्या शेकडो मार्गदर्शिका सापडतात, त्यांतल्या बहुतेक त्याच लोकांसाठी लिहिलेल्या असतात. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं म्हणून त्या घाबरवतात. आपलं क्रियापद जन्मापासून शेवटीच आहे.

मी नोकरी सांभाळून, निव्वळ आवडीपोटी जपानी शिकले. तेव्हापासून नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट कळकळीने सांगते आहे: जपानी इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका. पुस्तक इंग्रजी टिपांचं असलं तरी चालेल, पण डोक्यात जुळणी मराठीशी करा. निम्मं व्याकरण ओळखीचं निघेल. कांजी, म्हणजे चित्रासारखी दिसणारी चिनी अक्षरं, सोपी होणार नाहीत. ती कोणालाच सोपी नसतात. तिथे वेळ द्यावाच लागेल.

हा लेख हौसेने शिकणाऱ्यांसाठी आहे. जपानमध्ये नोकरी मिळवण्याचं उद्दिष्ट असेल, तर वेगही वेगळा लागतो आणि नियोजनही.

आधी एवढं जमवा

- चौकटीची वही, शाळेत गणिताला वापरतात ती. अक्षरं चौकटीत बसवून लिहायची असतात.
- एक पाठ्यपुस्तक. त्याबद्दल पायरी ४ मध्ये.
- 'आन्की' हे शब्द पाठ करण्याचं ॲप. अँड्रॉइडवर आणि संगणकावर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात.
- मोबाइलच्या कीबोर्डवर जपानी भाषा. सेटिंगमध्ये जाऊन फक्त निवडायची असते.
- शब्दकोश. 'जिशो' नावाचं संकेतस्थळ पुरतं.
- इयरफोन.
- दिवसातला ठरलेला अर्धा तास. रविवारी सलग चार तास बसून उरलेले सहा दिवस वही न उघडण्यापेक्षा रोजचा अर्धा तास कितीतरी जास्त टिकतो.

पायरी १: कशासाठी शिकायचं ते ठरवा

जपानी सिनेमा सबटायटलशिवाय बघायचा आहे? मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचायच्या आहेत? फिरायला जायचं आहे? की मुलगा-सून तिकडे राहतात आणि शेजाऱ्यांशी चार वाक्यं बोलायची आहेत? उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. फिरायला जाणाऱ्याने कांजीत वर्षभर अडकून पडायचं कारण नाही, आणि वाचनासाठी शिकणाऱ्याला कांजी टाळता येणार नाही.

पायरी २: लिपीच्या आधी कान

पहिला आठवडा नुसतं ऐका आणि मागोमाग म्हणा. एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण सेवेचे सोप्या जपानीचे धडे फुकट आहेत आणि हिंदीतूनही मिळतात. तिथून सुरुवात करा.

इथे मराठी माणसाचं पारडं जड आहे. जपानीत 'त्सु' असा एक आवाज आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांची जीभ शब्दाच्या सुरुवातीला तो काढताना अडखळते. आपण 'चूल' म्हणतो तेव्हा पहिलं अक्षर नेमकं तेच असतं. 'चिमणी'तला च तो जपानी 'चि', आणि 'चुली'तला च तो 'त्सु'. तसाच 'जुना'मधला ज. जपानी र म्हणजे जिभेचा टाळूला एक हलका स्पर्श, आपल्या र सारखाच. 'फु' मात्र 'फूल'मधला नाही. फुंकर घालताना ओठ जसे होतात, तसे ठेवून म्हणा.

शब्दातला सुटा 'न' हा तर आपला अनुस्वारच आहे. 'आंबा' म्हणताना अनुस्वाराचा म होतो, 'गंगा' म्हणताना तो नाकात जातो, 'चंदन'मध्ये न होतो. जपानीतही पुढच्या अक्षराप्रमाणे तो तसाच बदलतो. वर्तमानपत्राला म्हणतात 'शिंबुन'. ते वाचताना तुम्ही आपोआप म उच्चारलात ना? तोच बरोबर उच्चार.

सापळे दोन. पहिला, 'अ'. जपानीत आपला 'अ' नाही. रोमन लिपीत लिहिलेला शब्द बघून 'सकुरा' म्हणाल तर चुकेल. तो 'साकुरा' आहे, आणि त्यातला 'सा' तोकडा. दुसरा सापळा मोठा आहे: ऱ्हस्व-दीर्घ. मराठीत आपण ते लिहिण्यापुरते पाळतो, बोलताना फारसं लक्ष देत नाही. जपानीत स्वर लांबला की शब्दच बदलतो. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या, 'ओबाआसान' म्हणजे आजी. 'बिरु' म्हणजे इमारत, 'बीइरु' म्हणजे बिअर. लांब स्वराला पूर्ण दोन मात्रा द्या, बोटांवर मोजत म्हणा. पहिल्या महिन्यात लागलेली सवय पुढे जन्मभर पुरते, चांगलीही आणि वाईटही.

पायरी ३: हिरागाना आणि काताकाना

दोन्ही लिप्यांत ४६-४६ मूळ अक्षरं आहेत. हिरागाना मूळ जपानी शब्दांना आणि प्रत्ययांना, काताकाना मुख्यतः बाहेरून आलेल्या शब्दांना. आधी हिरागाना पूर्ण करा, मग काताकाना. रोज एक ओळ, म्हणजे पाच अक्षरं, असं धरलं तर रोजच्या अर्ध्या तासात दोन्ही मिळून महिन्याभरात आटोपतात.

तक्ता पहिल्यांदा बघाल तेव्हा ओळखीचा वाटेल. स्वर आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही आपल्याच वर्णमालेची चाल आहे. संस्कृत मंत्र नीट म्हणता-लिहिता यावेत म्हणून जपानी बौद्ध भिक्षू सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीचा अभ्यास करत. कूकाई हा भिक्षू ८०४ साली चीनला गेला आणि ८०६ मध्ये परतताना ही विद्या सोबत घेऊन आला. त्या अभ्यासाच्या परंपरेतून पुढे या तक्त्याचा क्रम बसला. 'प'च्या जागी 'हा' का, असं वाटेल. फार पूर्वी त्या ओळीचा उच्चार प होता. म्हणून आजही 'हा'च्या अक्षराला छोटं वर्तुळ जोडलं की 'पा' होतो. दोन बारीक रेघा दिल्या की क चा ग, त चा द, ह चा ब होतो. शब्दकोशातला क्रमही हाच असल्यामुळे शब्द शोधताना आपल्याला अवघडल्यासारखं होत नाही.

पहिले काही दिवस अक्षराखाली देवनागरीत उच्चार लिहायला हरकत नाही. सगळी अक्षरं एकदा झाली की ते कटाक्षाने बंद करा. पाठ्यपुस्तकात शेवटपर्यंत देवनागरी लिहीत राहणारे मी पाहिले आहेत. त्यांचा डोळा जपानी अक्षरावर ठरतच नाही. रोमन लिपीपासून तर पहिल्या दिवसापासून लांब राहा.

काताकानात 'शि' आणि 'त्सु', तसेच 'सो' आणि 'न' या जोड्या सगळ्यांना फसवतात. फरक आकारात कमी आणि रेघ कोणत्या दिशेने ओढली यात जास्त आहे. म्हणून ती अक्षरं नुसती बघून पाठ होत नाहीत, हाताने लिहावी लागतात. सरावाला काताकानातले इंग्रजी शब्द घ्या: तेरेबि म्हणजे टीव्ही, होतेरु म्हणजे हॉटेल. पावाला 'पान' म्हणतात. आपला पाव आणि त्यांचा पान, दोन्ही पोर्तुगिजांकडून आले. आपल्याकडे गोव्याच्या किनाऱ्याने, त्यांच्याकडे नागासाकीच्या बाजूने.

पायरी ४: पुस्तक आणि वर्ग

आपल्याकडे सर्वांत जास्त चालतं ते 'मिन्ना नो निहोंगो'. प्राथमिक पातळीचे एकूण ५० धडे, दोन भागांत २५-२५. भारतीय आवृत्ती मिळते, त्यामुळे परवडतं. घेताना एक सांभाळा: मुख्य पुस्तक संपूर्ण जपानीत असतं, आणि शब्दार्थ व व्याकरणाच्या टिपा वेगळ्या पुस्तकात असतात. दोन्ही घ्या. नुसतं मुख्य पुस्तक आणून आठवड्यात हात टेकणारे पुष्कळ आहेत. एकट्याने शिकणार असाल तर 'गेन्की' जास्त सोयीचं पडतं, कारण त्यात टिपा आतच आहेत. पैसे खर्च न करता चाचपून बघायचं असेल तर जपान फाउंडेशनचं 'इरोदोरि' ध्वनीसकट फुकट उतरवून घेता येतं, आणि त्यांच्याच 'मिनातो' या संकेतस्थळावर ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत.

वर्गाचं म्हणाल तर पुण्याइतकी सोय फार थोड्या भारतीय शहरांत असेल. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परदेशी भाषांचा विभाग आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवतात, शिवाय खासगी वर्ग गल्लोगल्ली आहेत. मुंबईतही शोधलं तर मिळतात. गावाकडे असाल तर ऑनलाइन वर्ग उत्तम.

फी भरण्याआधी एक तास बसू देतात का विचारा, आणि तिथे फक्त एवढंच बघा: त्या तासात विद्यार्थी किती बोलले? शिक्षकच बोलत असतील आणि वर्ग उतरवून घेत असेल, तर ते पुस्तक तुम्ही घरीही वाचू शकता. 'अमुक महिन्यांत परीक्षा पास आणि नोकरी पक्की' अशी पाटी दिसली तर पुढे चला.

पायरी ५: व्याकरणाला मराठीशी भिडवा

हा भाग सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त वेळ इथे वाचतो. एक वाक्य घेऊ.

वाताशि वा / माइआसा / उचि दे / ओचा ओ / नोमिमासु.

मी / रोज सकाळी / घरी / चहा / पिते.

एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. हेच वाक्य इंग्रजीत करून बघा, क्रियापद उचलून 'मी'च्या शेजारी न्यावं लागेल आणि 'रोज सकाळी'ला शेवटी ढकलावं लागेल. इंग्रजीतून शिकवताना हे असं उलटसुलट करायचे नियम सांगतात. तुम्हाला त्या नियमांची गरजच नाही. मनात मराठी वाक्य धरा आणि डावीकडून उजवीकडे शब्द बदलत चला.

शब्दांना जोडून येणारे छोटे प्रत्ययही आपल्याच पद्धतीचे, नामाच्या मागून येणारे. 'नो' म्हणजे चा-ची-चे. 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत. 'मो' म्हणजे ही किंवा सुद्धा. 'तो' म्हणजे बरोबर. 'दे' साधनाला लागतो तेव्हा ने: बासु दे इकिमासु, बसने जाते. 'नि' बऱ्याचदा ला: ओओसाका नि, ओसाकाला. वहीत यांची दोन रकान्यांची यादी करा, एकीकडे जपानी, दुसरीकडे मराठी, आणि प्रत्येकापुढे एक वाक्य.

प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी 'का' लावायचा. इकिमासु का? जाता का? आणि समोरच्याने दुजोरा द्यावा असं वाटत असेल तर 'ने'. ओइशिइ देसु ने. चविष्ट आहे ना! भाषांचं नातं नाही, हा निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला त्याच्याइतकी सोपी खूण नाही.

आता 'ते-रूप'. 'मिन्ना नो निहोंगो'त ते १४व्या धड्यात येतं आणि तिथे पुष्कळ जण मध्येच वर्ग सोडतात. रूप कसं तयार करायचं ते पाठ करावंच लागतं, त्याला पळवाट नाही. अर्थ मात्र तुम्हाला आधीपासून येतो, कारण हे आपलं 'ऊन' आहे: खाऊन, जाऊन, लिहून. पुढची जोडक्रियापदं बघा.

ताबेते मिमासु: खाऊन बघते.

कात्ते ओकिमासु: विकत घेऊन ठेवते.

वासुरेते शिमाइमाशिता: विसरून गेले.

मोत्ते किमासु, मोत्ते इकिमासु: घेऊन येते, घेऊन जाते.

'मिरु' म्हणजे खरोखरच बघणं आणि 'ओकु' म्हणजे खरोखरच ठेवणं. 'प्रयत्न करणे', 'पूर्वतयारी म्हणून करणे' असे अर्थ इंग्रजी टिपांत वेगवेगळ्या धड्यांत समजावून सांगितलेले असतात. ते वाचून गोंधळण्यापेक्षा 'खाऊन बघ की!' आणि 'आधीच आणून ठेव' ही घरातली वाक्यं आठवा. कोणाला काही करण्याची विनंती करताना 'काइते कुदासाइ' म्हणतात, त्यातलं 'कुदासाइ' म्हणजे द्या. लिहून द्या.

विशेषणासारखी येणारी लांब वाक्यंही अशीच. 'मी काल वाचलेलं पुस्तक' याचं जपानी 'वाताशि गा किनोओ योन्दा होन'. मी, काल, वाचलेलं, पुस्तक. हा २२व्या धड्यातला मुद्दा आहे. वर्गात त्यावर वेळ जातो, पण 'वाचलेलं, केलेलं, आणलेलं' मनात आणलंत की तो तुमच्यासाठी दहा मिनिटांचा आहे.

आवडीनिवडीचंही तेच. 'मला आंबा आवडतो' म्हणताना आपण आंब्याला कर्ता करतो. जपानीतही आवडणाऱ्या, समजणाऱ्या, येणाऱ्या गोष्टीला कर्माचा 'ओ' न लागता कर्त्याचा 'गा' लागतो. शिवाय क्रियापद मी, तू, ते यांप्रमाणे बदलत नाही आणि नामाला लिंग नाही. 'ती खुर्ची की तो खुर्ची' हा प्रश्न इथे उद्भवत नाही.

पायरी ६: जिथे मराठी दगा देते, तिथे सावध

मराठीवर विसंबून डोळे मिटून चालू नका. नेहमी पाय अडकतो त्या जागा या:

'आहे' एकच नाही. टेबल, पुस्तक, झाड यांना 'आरिमासु'. माणूस, मांजर, मासा यांना 'इमासु'. आपण दोन्हीकडे 'आहे' म्हणत असल्यामुळे ही चूक आपल्याला ऐकूही येत नाही.

विशेषण काळाप्रमाणे बदलतं. 'चविष्ट होतं'साठी 'ओइशिइ'ला पुढे 'होतं' जोडलं की झालं असं वाटतं. तसं नाही, विशेषणच बदलून 'ओइशिकात्ता देसु' होतं.

विषय दाखवणारा 'वा' की कर्ता दाखवणारा 'गा'? हा प्रश्न वर्षानुवर्षं सोबत राहतो. सुरुवातीला एकच नियम घट्ट धरा: कोण, काय असा प्रश्नार्थक शब्दच कर्ता असेल तर 'गा', 'वा' कधीच नाही. बाकीचं वाचता-ऐकता अंगवळणी पडतं.

मराठीत हा आणि तो. जपानीत तीन: 'कोरे' माझ्याजवळचं, 'सोरे' तुमच्याजवळचं, 'आरे' दोघांपासून लांबचं.

आकडे दहाच्या पुढे अगदी सरळ आहेत. पस्तीस म्हणजे तीन-दहा-पाच, सान-जुउ-गो. आपल्या एकूणपन्नास-एकोणसाठसारखी कसरत नाही. अडचण मोठ्या रकमांना येते, कारण त्यांचं मोजमाप दहा हजारांच्या, म्हणजे 'मान'च्या पटीत चालतं. एक लाख म्हणजे दहा मान, 'जुउमान'. एक कोटी म्हणजे हजार मान, 'इस्सेनमान'. महिन्याच्या तारखांपैकी १ ते १०, १४, २० आणि २४ यांना वेगळी नावं आहेत. ती कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावा.

नाती आणि आदर यांत आपण अर्धे घरात, अर्धे बाहेर आहोत. मोठ्या भावाला नावाने न हाक मारणं, थोरला-धाकटा यांना वेगळे शब्द असणं, हे सगळं आपल्यासारखं. पण स्वतःच्या आईबद्दल बाहेर बोलताना 'हाहा' आणि दुसऱ्याच्या आईला 'ओकाआसान', हा भेद पाळावा लागतो. समोरच्याला 'आनाता', म्हणजे 'तुम्ही', म्हणत सुटू नका. आडनावाला 'सान' जोडून बोला. स्वतःच्या नावाला 'सान' कधीच लावायचं नाही.

पायरी ७: कांजी

जपान सरकारने रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या यादीत २०१० च्या सुधारणेपासून २१३६ कांजी आहेत. हौशी माणसाने या आकड्याकडे बघूच नये. पहिल्या वर्षात शंभर कांजी चांगल्या आल्या तरी सुरुवात भक्कम झाली.

पहिल्या सात कांजी वारांच्या घ्या: सूर्य, चंद्र, आग, पाणी, लाकूड, सोनं, माती. रविवारपासून शनिवारपर्यंत याच क्रमाने. मंगळ ग्रहाला ते 'आगीचा तारा' म्हणतात आणि मंगळवार आगीचा. बुध 'पाण्याचा तारा' आणि बुधवार पाण्याचा. गुरू लाकडाचा, शुक्र सोन्याचा, शनी मातीचा. म्हणजे त्यांचे वार आपल्याच ग्रहांवर चालतात, पाठ करायला वेगळं काही उरत नाही. त्यानंतर झाडाची कांजी दोनदा लिहिली की राई, तीनदा लिहिली की दाट जंगल, अशी जुळणी दिसायला लागते.

एकाच कांजीचे दोन-दोन, तीन-तीन उच्चार का, यावर लोक वैतागतात. मराठीत बघा. सुटं असतं तेव्हा 'पाणी', जोडशब्दात गेलं की 'जल': जलसिंचन, जलविद्युत. 'पाणीविद्युत' कोणी म्हणत नाही. जपानीत सुटं पाणी 'मिझु', आणि जोडशब्दात 'सुइ': सुइदोओ म्हणजे नळाचं पाणी, सुइयोओबि म्हणजे बुधवार. आपण मोठे शब्द संस्कृतातून घेतले, त्यांनी चिनीतून. म्हणून उच्चारांच्या याद्या पाठ करत बसू नका; शब्द पाठ करा, उच्चार त्यांच्यासोबत येतात.

लिहिताना रेघांचा क्रम पाळा: वरून खाली, डावीकडून उजवीकडे. क्रम बरोबर असला की अक्षर हाताला लवकर बसतं आणि फोनवर बोटाने लिहून शोधताना शब्दकोशही ते पटकन ओळखतो.

आन्कीमध्ये रोज दहापेक्षा जास्त नवे शब्द घेऊ नका. ॲप जुने शब्द ठरावीक अंतराने पुन्हा विचारतं. उत्साहात पन्नास-पन्नास घातले की दोन आठवड्यांनी उजळणीचा एवढा ढीग साचतो की ॲप उघडावंसं वाटत नाही. खेळासारखी इतर ॲप्स बसस्टॉपवर वेळ घालवायला ठीक आहेत, अभ्यास म्हणून मोजू नका.

पायरी ८: वाचा, ऐका, बोला

दहा-बारा धडे झाले की लगेच पुस्तकाबाहेर या. 'तादोकु' या नावाने नवशिक्यांसाठी पातळीवार लिहिलेल्या छोट्या गोष्टी फुकट वाचायला मिळतात. अगदी खालच्या पातळीपासून सुरू करा, पानावर चार ओळी असतात. वाचताना शब्दकोश उघडायचा नाही; अडलं तर चित्र बघून पुढे जायचं, कंटाळा आला तर ती गोष्ट सोडून दुसरी घ्यायची.

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनपट, बघा, जरूर बघा, कान तयार होतो. तिथले 'ओरे' (मी), 'ओमाए' (तू) हे शब्द मात्र तोंडात बसू देऊ नका. ते रांगडे आहेत. शिक्षकांशी किंवा अनोळखी माणसाशी असं बोलणं म्हणजे थेट अरे-तुरेवर येणं.

बोलण्यासाठी सोबती शोधा. जपानी माणूसच हवा असं नाही. आपल्याच वर्गातली एक मैत्रीण, आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं फोनवर फक्त जपानी, एवढंही पुष्कळ आहे. काय बोलायचं? काल काय खाल्लं, कुठे गेलात, पाऊस किती झाला. शब्द अडला की मराठी शब्द घाला आणि वाक्य जपानी क्रियापदाने पूर्ण करा. वाक्यरचना एकच असल्यामुळे ते जमतं, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायची सवय लागत नाही.

पायरी ९: परीक्षा द्यायची का?

हौसेसाठी परीक्षा सक्तीची नाही. तरी मी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन५ पातळी द्या असंच सांगेन, कारण तारीख समोर असली की अभ्यास रेंगाळत नाही. जेएलपीटी ही परीक्षा १९८४ पासून होते, आणि २०१० पासून तिच्या एन५ ते एन१ अशा पाच पातळ्या आहेत. एन५ सर्वांत सोपी. जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ती होते. पुणे आणि मुंबई दोन्हीकडे केंद्रं आहेत. 'मिन्ना नो निहोंगो'चे पहिले २५ धडे नीट झाले असतील तर एन५ची बहुतेक तयारी झालेली असते.

एन५ला शब्दसंपत्ती २० मिनिटं, व्याकरण आणि वाचन ४० मिनिटं, श्रवण ३० मिनिटं. एकूण गुण १८०, उत्तीर्ण व्हायला ८०. पण नुसते ८० पुरत नाहीत: भाषाज्ञान आणि वाचन मिळून १२० पैकी किमान ३८ आणि श्रवणात ६० पैकी किमान १९ हवेतच. श्रवणाचा सराव न करता जाणारे इथे अडकतात. सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे असतात. बोलणं आणि लिहिणं तपासलं जात नाही, त्यामुळे एन५ पास झालेल्याला बोलता येतंच असं समजू नका. प्रमाणपत्राची मुदत संपत नाही.

लागणाऱ्या गोष्टी:

- फोटो असलेलं ओळखपत्र. अर्जातलं नाव त्यावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे, कारण प्रमाणपत्रावर तेच छापलं जातं.
- अर्जात सांगितलेल्या मापाचा अलीकडचा फोटो.
- प्रवेशपत्राची छापील प्रत.
- एचबी पेन्सिली, दोन-तीन, टोक काढलेल्या, आणि चांगलं खोडरबर. पेन चालत नाही.
- काट्यांचं साधं घड्याळ. स्मार्टवॉच आणि मोबाइल चालत नाहीत.

नोंदणी परीक्षेच्या काही महिने आधीच होते, डिसेंबरची साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, आणि जागा मर्यादित असतात. आपल्या शहराच्या केंद्राच्या संकेतस्थळावर आधीपासून नजर ठेवा. वर्गातून अर्ज भरले जाणार असले तरी भरलेला अर्ज स्वतःच्या डोळ्यांनी तपासा.

शेवटच्या महिन्यात जुन्या नमुन्याच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. अधिकृत संकेतस्थळावर नमुना प्रश्न ध्वनीसह फुकट आहेत. परीक्षेत श्रवणाचा प्रत्येक प्रश्न एकदाच ऐकवतात. एखादा निसटला तर अंदाजाने खूण करून लगेच पुढच्याकडे लक्ष द्या, कारण चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. निकाल साधारण दोन महिन्यांनी ऑनलाइन लागतो. तेवढे दिवस वही बंद ठेवू नका; परीक्षेच्या दुसऱ्याच आठवड्यात २६वा धडा सुरू करा.